लिस्बन: सरळ रस्ते, वाकड्या गल्ल्या आणि मधला भूकंप

लिस्बनला उतरलेलं जोडपं पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुतेक ठरलेलीच वाट धरतं. बायशा भागातला फेरफटका, नदीकाठचा भव्य चौक, अठ्ठावीस नंबरच्या ट्राममधून अल्फामाचा चढ, मग एक दिवस बेलेंसाठी. चालता चालता दोघांपैकी एकाच्या तरी लक्षात येतं की बायशाचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे आहेत आणि शेजारच्याच टेकडीवर नुसत्या गल्लीबोळांचा गुंता आहे.

हा फरक १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी पडला. सर्व संतांचा सण होता. चर्च माणसांनी भरलेली आणि वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. साडेनऊच्या सुमारास जमीन हलली. जीव वाचवायला लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तर टॅगस नदीतून त्सुनामीच्या लाटा वर आल्या. त्यानंतर लागलेली आग कित्येक दिवस विझली नाही. नदीकाठचा राजवाडा गेला. भारताच्या व्यापाराचं कामकाज जिथून चालायचं, ते ‘कासा दा इंडिया’ हे कार्यालयही दप्तरासकट गेलं. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासासाठी हे नुकसान फार मोठं आहे. किल्ल्यातला राज्याचा दप्तरखाना मात्र वाचला. बुरूज कोसळला होता, पण मॅन्युएल द माया या वयोवृद्ध इंजिनिअरने ढिगाऱ्यातून कागद बाहेर काढवले.

नव्या शहराच्या योजनाही याच मायाने मांडल्या. मागे उभा होता राजाचा मंत्री कार्वाल्यो, म्हणजे पुढचा मार्किस ऑफ पोम्बाल. बायशातल्या इमारतींच्या भिंतींत लाकडी पट्ट्यांचा, फुल्याफुल्यांचा सांगाडा असतो. त्याला ‘गायोला’, म्हणजे पिंजरा म्हणतात. दगडमाती ढासळली तरी लाकूड लवचीक राहून घर तोलून धरेल, ही कल्पना. नमुन्याचा सांगाडा उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. दुकानांमुळे या भिंती झाकलेल्या असतात, पण कुठे दुरुस्ती चालू असेल तर अवश्य डोकावावं. मला हा पिंजरा चौकातल्या राजाच्या पुतळ्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. खुद्द त्या राजाने, पहिल्या जुझेने, भूकंपाचा इतका धसका घेतला की पुढे तो आजूदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यातच राहिला.

अल्फामा खडकावर वसलेला, म्हणून बराचसा तगला. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेश याने शहर जिंकून घेण्याआधीची मुस्लिम वस्तीची वळणं त्या गल्ल्यांत अजून आहेत. कार्मोच्या मठाचं छत मात्र पडलं ते पुन्हा घातलंच नाही. उघड्या आकाशाखाली नुसत्या कमानी उभ्या आहेत. तिथे घाई करू नये.

बेलें शहराच्या पश्चिमेला आहे, आणि तिथला जेरोनिमुश मठ भूकंपातून बऱ्यापैकी सावरला. त्याचं बांधकाम १५०१ च्या सुमारास सुरू झालं. खर्च आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या साधारण पाच टक्के करातून भागवला, म्हणजे त्यात मिरी आणि मसाल्यांचा पैसा आहे. खांबांवर दगडात कोरलेले जहाजाचे दोर जवळ जाऊन पाहावेत, गाठीसुद्धा दिसतात. आत वास्को द गामाची कबर आहे. तो १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला आणि १५२४ मध्ये कोचीत वारला. तो कालिकतला पोहोचल्यापासून बारा वर्षांत, १५१० मध्ये, गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला होता. मराठी माणसाने हा मठ नुसता ‘सुंदर’ म्हणून पाहून निघू नये, असं मला मनापासून वाटतं.

तसाच रॉसिओ चौक. आज जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेचा वाडा होता. जवळच्या सांव दोमिंगुश चर्चपासून १५०६ मध्ये नव-ख्रिस्त्यांच्या, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंच्या कत्तलीला सुरुवात झाली. तिथले खांब आजही होरपळलेले दिसतात, पण तो डाग १९५९ च्या आगीचा. इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यातही आलं. ज्या पोम्बालने बायशा उभारली, त्याच्याच काळात १७७४ मध्ये गोव्याचं इन्क्विझिशन बंद झालं. १७७७ मध्ये राजा वारला, पोम्बालची सत्ता गेली, आणि लवकरच ते पुन्हा सुरू झालं. गोव्यात ते कायमचं संपायला १८१२ उजाडलं.