केरीची केसर, कुर्डीची मोगू आणि न लिहिलेली पुस्तकं

गोमंतकीय गायिकेच्या आत्मचरित्राचा विषय निघाला की पहिलं नाव ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’चं येतं. १९१४ साली बांदिवड्यात जन्मलेली दुर्गा केळेकर पुढे ज्योत्स्ना भोळे झाली, १९४२च्या ‘कुलवधू’ नाटकातली तिची पदं घरोघरी गेली, आणि उतारवयात तिनं आपली हकीकत सांगितली. त्या पुस्तकाशेजारी दुसरं ठेवायला गेलं की मात्र हात थांबतो. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शास्त्रीय संगीतातल्या थोर गायिका आपल्याला भेटतात त्या दुसऱ्यांच्या लेखांत, आठवणींत.

याचा धागा मला आडनावात सापडतो. केरीची ती केरकर, कुर्डीची ती कुर्डीकर, माळप्याची ती माळपेकर. कलावंत, म्हणजे देवळाच्या सेवेत गाणाऱ्या समाजाच्या, घरांमध्ये बापाच्या नावाऐवजी गाव लागायचं. देवळाच्या चौकात, पालखीपुढे गाणं ही सेवा. घर आईचं, वंशही आईचा. मराठी आत्मचरित्र मात्र ‘आमचे मूळ घराणे’ आणि ‘माझे वडील’ यांशिवाय सुरूच होत नाही. मग पहिल्या पानावर लिहायचं काय? याच समाजातल्या राजाराम पैंगीणकरांनी आपल्या आत्मकथनाला नावच ‘मी कोण?’ असं दिलं. पुरुषाची ही गत, तर बाईनं कुठून सुरुवात करायची?

दुसरं कारण तालमीचं. जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँसाहेब यांनी आपली जीवनकहाणी उतारवयात नातवाला उर्दूत सांगितली, म्हणून ती राहिली. केसरबाई १९२१पासून त्यांच्याकडे शिकल्या. पण बाईंचा स्वभाव राखून ठेवण्याचा. रेडिओशी बिनसलं, रेकॉर्डिंगलाही त्या सहजी राजी होत नसत. चीज (बंदिश) कुणी उचलेल म्हणून जपणारी बाई आयुष्य कशाला उघडं करील? (माझ्या मते तो त्यांचा हक्कच होता.) गंमत अशी की त्यांची साडेतीन मिनिटांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी ‘नासा’च्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या, पृथ्वीवरचे आवाज साठवलेल्या सोनेरी तबकडीत गेली. त्यांतलं नंतर सुटलेलं यान, व्हॉयेजर-१, ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालं, १६ सप्टेंबरला बाई गेल्या.

मोगूबाईंचं तर गावही राहिलं नाही. १९०४ साली त्या जन्मल्या ते सांगे तालुक्यातलं कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की चिखल वाळून भेगाळतो, तुटक्या जोत्यांचे चिरे वर येतात, सोमेश्वराचं देऊळ दिसू लागतं. उठून गेलेले गावकरी तेव्हा उत्सवाला जमतात आणि सोबतच्या पोरांना बोटानं दाखवतात, हे अमक्याचं घर, ते मोगूबाईंचं. पाऊस लागला की दोन्ही परत बुडतात.