सायलेन्सरमधला कॅट लगेच कापायला सांगू नका, आधी हे वाचा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पेट्रोल गाड्या येतात, पिकअप नाही, इंजिनची लाईट पेटलीय, आणि मालक म्हणतात कुणीतरी सांगितलंय कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी गॅस साफ करणारा भाग) गेलाय, ॲसिडनं धुवून द्या नाहीतर काढूनच टाका. तसं करू नका, म्हणून हे पत्रक.

कॅट म्हणजे चाळणी नव्हे. आत मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो, त्याच्यावर ॲल्युमिना आणि सेरियाचा (ॲल्युमिनियम आणि सेरियम ह्या धातूंच्या ऑक्साईडचा) थर, आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचे कण. धातू मोजून थोडे ग्रॅम (चोर सायलेन्सर कापून नेतात ते ह्याच्यासाठीच) पण कण नवे असताना एवढे बारीक की एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले चार-पाच भाग, बस्स. विषारी कार्बन मोनॉक्साईड ह्या कणांवर येऊन चिकटतो, शेजारी ऑक्सिजन तुटून बसतो, दोघं मिळून कार्बन डायऑक्साईड होऊन निघून जातात.

धातू ह्यात खर्च होत नाही हे शाळेत शिकलोय, पण तो नुसता बसून असतो असं नाही बरं का. जर्मनीच्या गेरहार्ड एर्टल यांनी दाखवलं की मोनॉक्साईड चिकटला की प्लॅटिनमच्या पृष्ठभागावरचे अणू आपली मांडणीच बदलतात, नव्या मांडणीत ऑक्सिजनला जागा मिळते, गॅस निघून गेला की मांडणी परत पहिल्यासारखी, आणि असं चालूच राहतं. पृष्ठभागावरच्या अशा अभ्यासाबद्दल 2007 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आम्हाला तर हे वाचून सायलेन्सरकडं बघायची नजरच बदलली.

आता तुमच्या गाडीचं. थंड कॅटवर मोनॉक्साईड एवढी गर्दी करून बसतो की ऑक्सिजनला शिरायलाच मिळत नाही, साधारण 250 ते 300 डिग्रीला ती गर्दी उठते आणि काम चालू होतं. टिळकवाडीतून खडेबाजार आणि परत, एवढीच गाडी फिरत असेल तर दर वेळी सुरुवातीचा थोडा वेळ कॅट थंडच असतो.

उलट जास्त तापला तर अजून वाईट. रश्श्यावर तर्रीचे बारके बारके थेंब असतात, ते हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे होतात, बघितलंय ना? 800-900 डिग्रीच्या वर धातूचे कण तसेच जुळतात, धातू तेवढाच पण बाहेरून उघडी जागा कमी, आणि काम तर त्या जागेवरच व्हायचं असतं. प्लग मिसफायर होत असताना (म्हणजे ठिणगी नीट पडत नसताना) चोर्ला घाट चढवला तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथं जळतं, ठोकळा वितळलेलासुद्धा आम्ही काढलाय. इंजिनची लाईट लुकलुकायला लागली की गाडी बाजूला घ्या, घाट दुसऱ्या दिवशी चढता येईल.

तिसरं कारण, इंजिन ऑईल खात असेल तर ऑईलमधला फॉस्फरस कॅटच्या थरावर बसतो तो उठत नाही. गंधक मात्र गाडी चांगली तापली की बराचसा जातो. शिसं तर सगळ्यात घातक, पण देशभर 2000 पासून शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतंय.

ॲसिडनं धुतल्यानं जुळलेले कण परत सुटे होत नाहीत, वरचा थर मात्र जायची भीती. आणि कापून टाकणं कायद्यात बसत नाही, शिवाय तो धूर आपल्याच गल्लीत पोरांच्या नाकात जातो.

म्हणून आम्ही आधी प्लग, कॉईल, ऑईल आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बघतो, मगच कॅट बदलायचं बोलतो. येताना शेवटचं ऑईल कधी बदललं आणि मधे किती टॉपअप केलं तेवढं लिहून आणा.