काका, माटोळी आणि घुमट

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, बांधायची ती धाकट्या काकांनीच. कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस. एखादं फळ गेल्या वर्षीच्या जागेवरून हललं तर त्यांना दारातूनच दिसतं. आरतीला घुमट आणि शामेळ ही तालवाद्यं सुरू झाली की मात्र ते मागच्या पडवीत कानांवर हात दाबून बसतात. काका 58 वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी 'स्वमग्नता' (ऑटिझम) हा शब्द उच्चारला तो तीन वर्षांपूर्वी. तोपर्यंत गावाच्या लेखी ते नुसते 'विक्षिप्त' होते.

मोठ्या चित्रात दडलेली छोटी आकृती शोधण्यात स्वमग्न मुलं पुढे असतात, हे मानसशास्त्रज्ञ अमिता शहा आणि उटा फ्रिथ यांनी 1983 मध्येच दाखवलं होतं. माटोळीखाली उभे असलेले काका पाहिले की मला तेच आठवतं.

आवाजाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग हळूहळू शांत होतो, आपण सरावतो. ज्यांना आवाजाचा, स्पर्शाचा फार त्रास होतो अशा स्वमग्न मुलांच्या एफएमआरआय (मेंदूची हालचाल टिपणाऱ्या) तपासण्यांत हे सरावणं कमी आढळलं. 'सवय होईल हळूहळू' हे काकांनी जन्मभर ऐकलं. ते ऐकवणाऱ्यांत मीही होते, याचं आज वाईट वाटतं.

पण हे प्रयोग बहुतेक मुलांवरचेच. 1943 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 स्वमग्न मुलांचं वर्णन केलं, तेव्हापासून संशोधनाची नजर बालपणावरच खिळली. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट पुढे बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी फिरला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. उतारवयातल्या स्वमग्न मेंदूवर मात्र अजूनही फार थोडं काम झालं आहे.

गोव्यातलं कामही लहानांपासूनच सुरू झालं, आणि ते मोलाचं आहे. इथल्या 'संगाथ' संस्थेनं रावळपिंडीच्या संशोधकांसोबत 2 ते 9 वर्षांच्या 65 मुलांवर केलेला प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेले, प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते घरी जायचे, आई आणि मुलाच्या खेळाचं चित्रीकरण करून आईला दाखवायचे: मूल इथे तुमच्याकडे पाहतंय, थांबा, त्याला पुढाकार घेऊ द्या. मुलं खरंच जास्त पुढाकार घेऊ लागली. काकांच्या वयाच्या माणसांसाठीही असं कुणीतरी घरी यायला हवं.

गेल्या चवथीला आरतीची वेळ आम्ही काकांना सकाळीच सांगितली. घुमटावर थाप पडण्याआधी ते उठून पडवीत गेले. कुणी हाक मारली नाही.