स्मृतिभ्रंश आला कोविडच्या आधीच

"कोविड झाल्यापासून आबांना काही आठवत नाही," असं सातारा जिल्ह्यात बऱ्याच घरांतून ऐकू येतं. काही ठिकाणी ते खरंही आहे. प्राणवायू कमी पडला, आयसीयूत भ्रम झाला, की म्हाताऱ्या माणसाची उरलीसुरली स्मृती झपाट्याने ढासळते. पण कितीतरी घरांत स्मृतिभ्रंशाचा आजार आधीपासूनच मुक्कामाला होता.

स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या डॉ. अल्झायमर यांनी आपल्या रुग्णाची माहिती १९०६ साली मांडली. आपल्याकडे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीची राष्ट्रीय संघटना केरळात उभी राहिली, तीही १९९२ साली. २०१० च्या अहवालात देशातले रुग्ण ३७ लाख धरले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज ८८ लाखांचा, म्हणजे साठीपुढच्यांत ७.४ टक्के. (ही सगळीच वाढ आजाराची नव्हे, मोजण्याची पद्धतही बदलली.) प्रमाण शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त निघालं.

मग गावात हे दिसत का नव्हतं? एक तर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय मिटायचा. दुसरं, मुलं मुंबई-पुण्याला. आणि काकडआरती, पार, आठवडी बाजार, संध्याकाळचं भजन या रोजच्या वाटेवर पाय सवयीने चालायचे; चुकलंच तर कोणीतरी घरी आणून सोडायचं. मार्च २०२० मध्ये हे सगळं एकदम थांबलं. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मुक्कामांवरून जाणारी माउलींची पालखीही २०२० आणि २०२१ मध्ये पायी आली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. टोपी घालून पहाटे दाराशी उभ्या राहणाऱ्या आबांना 'आज देऊळ बंद आहे' हे दर तासाला नव्याने सांगावं लागे. त्यात सांगणाऱ्याच्या तोंडाला मास्क; कमी ऐकणाऱ्याला ओठही दिसेनात. शहरातून परतलेल्या मुलांनी हे पहिल्यांदा जवळून पाहिलं.

सप्टेंबर २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरोघर गेल्या. भर ताप, प्राणवायू आणि सहव्याधींवर होता, आणि त्या वेळी तो तसाच असायला हवा होता. पण तोच उंबरठा पुन्हा ओलांडून स्मृतीची चौकशी करायला हवी होती, असं माझं मत. पुढे ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आली आणि २०२२ मध्ये मानसिक आरोग्यासाठी १४४१६. फोनवर सल्ला मिळतो. आंघोळ, जेवण, रात्रीची राखण मात्र बहुतेक घरांत सुनेच्याच वाट्याला येते, आणि तिला दोन तास मोकळे मिळायचे तर शेजारीणच येऊन बसते.