रात्रभरात खाली बसलेली सित्रोएन म्हणजे सस्पेन्शन गेलं? नाही हो

जुन्या सित्रोएनबद्दल, म्हणजे डीएस, जीएस, सीएक्स, बीएक्स, एक गैरसमज वर्षानुवर्षं फिरतोय की सकाळी गाडी जमिनीला टेकलेली दिसली की सस्पेन्शनचे गोळे (स्प्रिंगच्या जागी बसवलेले, गॅस आणि ऑइल भरलेले) गेले, बदला. अहो, या गाड्या पंपाने दाबलेल्या ऑइलवर उभ्या असतात; इंजिन बंद झालं की पंप थांबतो आणि हाइट करेक्टरमधून (उंची सांभाळणारा व्हॉल्व) ऑइल हळूहळू टाकीत परत जातं, त्यामुळे काही तासांत या गाड्या बसणारच. पुढं झँटिया या नंतरच्या मॉडेलला कंपनीने अँटी-सिंक, म्हणजे गाडी बसू न देणारे, व्हॉल्व दिले, तेव्हा कुठे ते थांबलं. दहा मिनिटांत बसली तर मात्र करेक्टर किंवा सिलिंडर बघा, आणि खाली ऑइलचा डाग असेल तर तो सरळ लीक.

गोळ्याचं दुखणं वेगळंच असतं. त्यात आतल्या पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसरीकडे ऑइल, आणि स्प्रिंगचं काम नायट्रोजन करतो, तो कमी झाला की गाडी उंचीला अगदी बरोबर उभी राहते पण खड्ड्यात बैलगाडीसारखी आपटते. म्हणून गाडी चालू करून कोपरा दाबायचा, मऊ खाली गेला तर ठीक, दगडासारखा लागला तर गोळा संपलाय.

आणि आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, दर दोन-चार सेकंदाला टिक आवाज येतो ना, तेव्हा आधी अ‍ॅक्युम्युलेटरचा गोळा (पंपाचा दाब साठवून ठेवतो तो) तपासा. लोक उगाच पंप बदलतात, महागडा!

हो, फक्त हायड्रॉलिकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.