ॲडिसन आणि स्टिरॉइडने झोपलेली ग्रंथी: गोळी सारखी म्हणून आजार सारखा समजू नका

सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचं मेडिकल आहे. मागच्या महिन्यात काउंटरवर दोघं शेजारी उभे होते, एक काका, यंत्रमागावर काम केलेले, दम्यासाठी वर्षभर प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी चालू, आणि एक मावशी, ॲडिसनच्या पेशंट. दोघांच्या चिठ्ठीवर स्टिरॉइड बघून मावशी म्हणाल्या, "आमचं सारखंच की ओ." तेव्हा गर्दी होती, नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते, ती कॉर्टिसॉल बनवते, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. मावशींची ग्रंथीच खराब झालीय. इंग्रज डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये हा आजार लिहून ठेवला, आणि आपल्याकडे याचं एक मोठं कारण अजूनही टीबी आहे. काकांची ग्रंथी मात्र धडधाकट आहे, पण बाहेरून रोज स्टिरॉइड मिळतंय म्हटल्यावर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसॉल बनवायचा निरोप, पाठवायचं कमी करते आणि ग्रंथी कामाविना झोपी जाते. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस गोळी चालली की हा धोका धरायचाच.

ओळखायचं कसं? थकवा, भूक न लागणं, उलट्या, बीपी कमी, हे दोन्हीकडे असतं. पण ॲडिसनमध्ये एसीटीएच खूप वाढतं आणि त्यानं कातडी काळवंडते. आपल्याकडे लगेच म्हणतात उन्हानं काळी पडली, सोलापूरचं ऊनच तसलं. अहो पण ऊन हिरड्यांवर पडतं का, तळहाताच्या रेषांत, जुन्या व्रणात शिरतं का? तिथं काळं दिसलं तर दाखवायलाच पाहिजे. शिवाय ॲडिसनमध्ये मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉनही बनत नाही, मग शरीरातलं मीठ लघवीवाटे जातं, पोटॅशियम वाढतं, खारट खावंसं वाटतं. म्हणून मावशींना कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन आणि त्याबरोबर अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन पण लागतं, आणि मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला, घामाच्या धारा लागल्या की डॉक्टर मीठ वाढवायला सांगतात. काकांचं अल्डोस्टेरॉन शाबूत आहे, त्यांना ती दुसरी गोळी नको.

काकांचं अवघड वेगळंच आहे. स्टिरॉइडनं तोंड गोल सुजल्यासारखं, वजन वाढलेलं, त्यामुळं यांना कॉर्टिसॉल कमी पडेल हे कुणाला पटतच नाही. दम कमी झाला की माणसं आपल्या मनानंच गोळी सोडतात आणि आठवड्याभरात अंग मोडून येतं, उलट्या होतात, चक्कर येऊन पडतात. ही गोळी हळूहळूच उतरवायची, ५ मिलिग्रॅमच्या खाली तर फारच सावकाश. मग सकाळी आठ-नऊला रक्तातलं कॉर्टिसॉल बघतात, आदल्या दिवसापासून गोळी न घेता. डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर सहसा बंद करता येते, ५ च्या खाली असेल तर अजून काही महिने चालू. काकांची गोळी कधीतरी बहुतेक सुटेल, मावशींची जन्मभर आहे.

टीबीवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. टीबीचं रिफॅम्पिसिन हे औषध कॉर्टिसॉल लवकर संपवतं, त्यामुळं ते आणि स्टिरॉइड दोन्ही चालू असतील तर स्टिरॉइडचा डोस वाढवावा लागू शकतो, डॉक्टरांना दोन्ही फायली दाखवा. आणि एकादशीचा उपास असला तरी गोळी चुकवू नका.

ताप आला तर मावशींना हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट-तिप्पट करायला सांगितलेलं असतं, काकांनी किती घ्यायची ते आधीच विचारून ठेवायचं. पण उलट्या लागून गोळी पोटात टिकत नसेल तर दोघांनीही घरी थांबायचं नाही, कॅज्युअल्टी गाठायची. तिथं हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन लगेच लागतं, उशीर झाला तर जीव जातो.

मावशी परवा आल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये एक चिठ्ठी लिहून ठेवली, आजाराचं नाव, दोन्ही गोळ्या, इंजेक्शनचा डोस आणि मुलाचा नंबर. काका आले की त्यांनाही एक देणार आहे.