शकुंतला हळू का चालायची?

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एखाद्या भारी काळ्या मातीच्या वावरात जा. जमीन भेगाळलेली असते. वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची काडी, भेगेत सोडली तर हातभर सहज आत जाते. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी. तिची गोष्ट मला या भेगेपासूनच सांगावीशी वाटते. काळ्या मातीमुळे कपाशी आली, कपाशीमुळे गाडी आली आणि गाडीचे पाय धरून ठेवले तेही याच मातीने.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. खामगाव, अमरावतीच्या बाजारपेठांना फाटे मिळाले. यवतमाळ, कारंजा, दर्यापूर, अचलपूरचा कापूस मात्र बैलबंडीवरच राहिला. तो आणायला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर आणि अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर अरुंद रूळ पडले. कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा, आणि गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेलं. ते थेट १९९४ पर्यंत राबलं.

मालासाठी टाकलेली ही वाट हळूहळू माणसांची झाली. बाजाराची बोचकी, लग्नाचं वऱ्हाड, माहेरी निघालेली लेक, सगळे तिच्यातच. वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सायकलवरचं पोरगं थोडा वेळ बरोबरीने पळवू शकेल एवढा. लोक म्हणत, इंजिन जुनं झालं. मला वाटतं, इंजिनापेक्षा खाली पाहायला हवं.

आपली काळी माती म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा झिजलेला खडक. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे थर पोथीच्या पानांसारखे एकावर एक, अतिशय पातळ. पावसात पाणी दोन पानांच्या मध्ये शिरतं, पानं दूर सरतात आणि जमीन फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, पानं मिटतात, जमीन आक्रसते आणि फाटते. हे धरून ठेवलेलं पाणीच कोरडवाहू कपाशीला दिवाळीपर्यंत जगवतं. शेतकऱ्याला जे वरदान, तेच रुळाला जाच. ओल्या मातीत गिट्टी रुतते, चिखल गिट्टीत वर चढतो, आणि खचणं सगळीकडे सारखं नसतं. एक रूळ जास्त बसतो, दुसरा कमी.

आता अरुंद रुळाचं गणित बघा. शकुंतलेच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, मोठ्या लाइनचं १६७६. एक रूळ फक्त १ सेंटिमीटर खचला, तर मोठ्या लाइनवरचा डबा साधारण एक-तृतीयांश अंश कलतो, शकुंतलेचा पाऊण अंश. खच तेवढीच, कल दुपटीहून जास्त. हा कल दर काही मीटरांवर बाजू बदलत गेला, तर डबा झुलायला लागतो, आणि वेग वाढला की झोका वाढतो. म्हणून अशा वाटेवर गाडी सावकाश हाकणं हाच शहाणपणा.

मग अरुंद रूळ टाकलेच का? त्यांना वळण लहान चालतं, भराव कमी लागतो, पूल हलका पुरतो. स्वस्तात गावोगाव पोचायचं तर हाच मार्ग होता, आणि त्या काळी तो चुकीचा नव्हता. पुढे शंभर वर्षं तो तसाच ठेवला, याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. देशातली रेल्वे सरकारी झाली, तरी हा मार्ग कागदोपत्री त्या कंपनीचाच राहिला.

आज दोन्ही वाटा बंद आहेत. तिकडे वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला मोठी लाइन चालली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी कळंबपर्यंत आली. काळ्या जमिनीवर रूळ घालायचे तर आधी फुगणारी माती बाजूला काढतात किंवा तिच्यावर न फुगणाऱ्या मुरमासारख्या भरड मातीचा जाड थर दाबतात, मग गिट्टी टाकतात. शकुंतलेच्या रुळांखाली मात्र माती अजूनही दर पावसाळ्यात फुगते आणि दर मे महिन्यात फाटते, वरून गाडी जात नसली तरी.